एकवीस बिननावी पाट

मला वाचायला पत्रकांनी शिकवलं. शाळेचं पुस्तक नंतर आलं. बाबा पेणजवळच्या खाडीतल्या मिठागरात कामाला होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं आमच्या पडवीत निघायची. सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, त्याचा दांडा फिरवायला मला आवडायचं. शाई ओली असताना कागद एकावर एक ठेवायचा नाही, हे मला उजळणीच्या आधी कळत होतं. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी लिहिलेले पहिले अनुस्वारांचे शब्द.

सभेला येणाऱ्या कुणाचंही नाव बाबा विचारायचे नाहीत. कुणी वहीत नावं लिहायला लागला की ते वही बंद करायला लावायचे. "नावांची यादी झाली की ती कधी ना कधी मालकाच्या टेबलावर जाते," ते म्हणायचे. "आपण सांगायचं. पटलं तर माणूस येतो." हे मी दुधाबरोबर प्यायले. आजही कुणी उगाच फॉर्म पुढे केला, की माझ्या कपाळाला आठी पडते.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी पेणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासचे सर सज्जन होते. एका कॉम्प्युटरला त्यांनी मोडेम जोडला होता. मुंबईला फोन लागायचा, मोडेममधून किंकाळ्या फुटायच्या आणि मग इंटरनेट चालू व्हायचं. बिल बघून सरांच्या तोंडचं पाणी पळायचं, म्हणून दिवसातून एकदाच, सकाळी, आणि तेही घाईघाईत. मी वेब पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते पत्रकच वाटलं. कागद नाही, शाई नाही, वाटायला चौकात उभं राहणं नाही. हे आपलंच आहे, असं मला आतून वाटलं.

पण मी खरी पेटले ते पुढच्या गोष्टीने. पत्रक वाटलं की पुढे काय झालं ते कळत नाही. घेणाऱ्याने वाचलं, की त्यात भजी बांधली? वेब पानाचं तसं नव्हतं. पानावरच्या एखाद्या शब्दावर किंवा चित्रावर माणसाने माऊस नेऊन दाबलं, की तो निरोप तारेतून दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरकडे जातो. त्याला सर्व्हर म्हणतात. तिथे आपण आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम झोपलेला असतो. निरोप आला की तो उठतो, सांगितलेलं काम करतो, उत्तराचं नवं पान पाठवतो आणि परत झोपतो. दाबणारा पुण्यात, प्रोग्रॅम अमेरिकेत आणि लिहिणारी मी, पेणच्या क्लासमध्ये. एका बोटाने एवढं होतं! मी पर्ल नावाची भाषा एका झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून शिकले. प्रोग्रॅम चालवू देणारी फुकटची जागा एका अमेरिकन सर्व्हरवर मिळाली. आता फक्त लढाई हवी होती.

लढाई पेणजवळच्या हमरापूरला होती. तिथे माझी मावशी, म्हणजे आईची चुलत बहीण, गणपती घडवते. वर्षभर ती साच्यातल्या मूर्ती काढते आणि त्या व्यापारी घेऊन जातो. पण उन्हाळा सरला की ती शाडूच्या एकवीस मूर्ती स्वतःच्या हाताने करते, साचा न लावता. एकही दुसरीसारखी नसते. व्यापाऱ्याला त्याही हव्या असायच्या, आणि साच्यातल्यांच्याच भावात. दर वर्षी तो म्हणायचा, "मावशी, तुमच्याकडे गिऱ्हाईक येणार कुठून?" त्यावर मावशीकडे उत्तर नसायचं. माझ्याकडे होतं.

आमच्याकडे मूर्ती ठरवायची रीत अशी, की घरचा लाकडी पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. ज्या मूर्तीखाली तुमचा पाट गेला ती तुमची. मग राजा आला तरी ती त्याला मिळत नाही. कधी कुणी पाट दुसऱ्याच्या हाती पाठवतो आणि नाव सांगायचं राहून जातं. तरी तो पाट मोजला जातो. चतुर्थीच्या सकाळपर्यंत मूर्ती त्याची वाट बघते. आणि पाट काढायचा झाला, तर ज्या हाताने ठेवला त्याच हाताने काढायचा. मावशी यातलं काहीही बोलून दाखवायची नाही. ती तसं वागायची, बस.

मी हेच पानावर आणलं. एकवीस मूर्तींचे फोटो आणि प्रत्येकाच्या खाली पाटाचं लहान चित्र. चित्रावर दाबलं की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम उठायचा, ती मूर्ती 'पाट दिला' म्हणून वहीत लिहायचा, तिच्या फोटोखालचं पाटाचं चित्र काढून टाकायचा आणि दाबणाऱ्याला त्या मूर्तीचा आकडा दाखवायचा. खाली मी लिहिलं होतं, 'हा आकडा कागदावर लिहून ठेवा. चतुर्थीच्या आत हमरापूरला या आणि आकडा दाखवून मूर्ती न्या.' प्रत्येक पाटाची मला ईमेल यायची. मग मी एस.टी.ने हमरापूरला जाऊन त्या मूर्तीखाली मावशीकडचं एक फळकूट सरकवायचे आणि त्यावर खडूने आकडा लिहायचे. पुण्यातल्या बोटाचं शेवटचं टोक म्हणजे माझा हात.

नाव मी विचारलं नाही. पत्ता नाही, फोन नाही. सर म्हणाले होते, "निदान नाव तरी घे गं." मी त्यांना यादी आणि मालकाचं टेबल यावर पाव तास ऐकवलं. माणूस खरा आहे हे त्याच्या येण्याने कळतं, असं मी ठणकावून सांगितलं होतं.

मग मी पत्रक काढलं. मथळा होता, 'दलालाची गरज संपली.' खाली, 'मूर्ती घडवणारे हात आणि मूर्ती पूजणारे हात यांच्या मधे आता कुणीही नाही.' पेणला वाटलं, वडखळच्या नाक्यावर वाटलं आणि रोह्याला एस.टी. स्टँडवर तर दोन तास उभी राहिले. नागपंचमी होऊन गेली होती. पाट द्यायचे दिवस होते.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी क्लासमध्ये मोडेम लावला आणि ईमेल मोजता मोजता माझा आवाज चढत गेला. एकवीस! कालची सकाळ ते आजची सकाळ, एका दिवसात सगळ्या एकवीस मूर्ती! पान उघडलं, तर एकाही फोटोखाली पाट शिल्लक नव्हता. सरांनी बटाटेवडे मागवले.

मी सरळ हमरापूर गाठलं. मावशी सोंडेवर पाण्याचा हात फिरवत होती.

"मावशे, सगळ्या गेल्या!"

"खय गेल्या? हितंच तर हायत."

"अगं पाट लागले. एकवीसच्या एकवीस. फळकुटं काढ."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "कोन लोकं हायत ही?"

"नाव नाही घेतलं. आकडे आहेत."

"बरं," ती म्हणाली. "पाट तो पाट. सरकव तूच."

मी एकेक मूर्ती तिच्या मदतीने उचलून खाली फळकूट सरकवलं. एक ते एकवीस खडूने लिहिलं. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, तेव्हा मावशीने त्याला नुसतं बोट करून ती रांग दाखवली. तो साच्यातल्या मूर्ती मोजायला लागला. मी तिथे नव्हते याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतरच्या रविवारी रोह्याचे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक. बारा वर्षं मावशीकडूनच मूर्ती नेत होते. जुना सागवानी पाट वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरून ते एस.टी.ने यायचे, सगळ्या मूर्तींपुढे उभे राहायचे आणि एकीपुढे थांबायचे. त्या दिवशी ते पंधराव्या मूर्तीपुढे थांबले. डावा पाय जरा पुढे सोडून निवांत बसलेला गणपती होता तो, जेवण झाल्यासारखा.

"ही," गुरुजी म्हणाले आणि पाटाची सुतळी सोडायला लागले.

"गुरुजी, तिला पाट लागलाय," मावशी म्हणाली.

"मग ही शेजारची."

"तिलापन."

त्यांनी वाकून सगळी रांग बघितली. "सगळ्यांना? कुणाचे आहेत?"

"ठाव नाय."

"ठाऊक नाही म्हणजे? बारा वर्षं मी येतोय, आणि मला सांगतेस ठाऊक नाही?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि मोठ्या उत्साहाने सर्व्हर, प्रोग्रॅम, आकडा, सगळं समजावून सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून चार घड्या घातलेलं माझंच पत्रक काढलं आणि वर्गात वाचतात तसं वाचलं, "मूर्ती घडवणारे हात आणि मूर्ती पूजणारे हात यांच्या मधे आता कुणीही नाही." चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे माझे हात. ह्या तिच्या मूर्ती. आणि मधे कोण उभं आहे, बाळ?"

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते घडी घालून परत खिशात ठेवलं.

"दलाल निदान दिसायचा तरी," गुरुजी म्हणाले. पाट पुन्हा वर्तमानपत्रात गेला. मावशीने चहा विचारला, त्यांनी हाताने नको म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ते चहा न घेता गेले.

ते गेल्यावर मावशी शाडू मळायला बसली. मग म्हणाली, "येतील ना गो ती लोकं?"

"येतील की."

"नाय आली तर चवथीच्या सकाली ह्या एकवीस तशाच रवतील. आन गुरुजी पुढल्या साली यायचं नायत. मी पाट काढनार नाय, हे तुला म्हाईत हाय."

माहीत होतं. ती शब्द मोडणार नव्हती आणि मोडावा असं मलाही वाटत नव्हतं. पण तिचा शब्द माझ्या क्लिकवर उभा होता, आणि ते क्लिक कुणाचे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सरांना म्हटलं, आज दहा मिनिटं जास्त लागतील, बिल माझ्या पगारातून कापा. सर्व्हर स्वतःची एक नोंद ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. कुठल्या कॉम्प्युटरवरून किती वाजता काय मागितलं, ओळीने ओळ. ती आजवर मी उघडली नव्हती. उतरवून घेतली आणि वाचायला बसले.

पाटाची पहिली ओळ पंधराव्या मूर्तीची. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून. त्या माणसाने पान उघडलं होतं, तीन मूर्तींचे मोठे फोटो बघितले होते, पुन्हा पंधराव्या मूर्तीवर आला होता, चार मिनिटं थांबला होता आणि मग पाट दाबला होता. गुरुजींसारखाच उभा होता तो तिथे.

त्यानंतर काही तासांनी वीस ओळी. एक, दोन, तीन, चार, वरून खाली, एकही न चुकता. पंधरावी तेवढी वगळून, कारण तिच्याखाली आता पाट उरला नव्हता. वीस पाट, दोन मिनिटांच्या आत. फोटो एकही बघितला नव्हता. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बघणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं होतं. ते माणसाचं नव्हतं. तो एका सर्च इंजिनचा प्रोग्रॅम होता. जगातली पानं वाचत फिरणं हे त्याचं काम. एका पानावर आला की फोटो सोडून त्यातल्या प्रत्येक दुव्यावर जाऊन पलीकडे काय आहे ते बघायचं आणि पुढे जायचं.

चूक कुणाची हे कळायला मला वेळ लागला नाही. वेब पानावर दाबायच्या दोन गोष्टी असतात. दुवा असतो, तो बघण्यासाठी. आणि बटण असतं, ते काहीतरी करण्यासाठी. बटण माणूस दाबतो. फिरत्या प्रोग्रॅमला ते न दाबण्याची शिस्त लावलेली असते. मी पाटाचं चित्र दुवा म्हणून लावलं होतं, कारण ते करडं बटण मला सरकारी वाटायचं. पेणच्या बाजारात कुठल्याही दुकानात जा, बघायला पैसे पडत नाहीत. माझ्या दुकानात मात्र नुसतं बघून गेलेल्याच्या माथी मी वीस पाट मारले होते. आणि नाव विचारलं असतं, तर तो बिचारा पहिल्याच पाटाशी अडला असता. विचारलेल्या जागी नाव लिहिणं त्याला येत नाही.

यादी धोक्याची असते हे मी आजही मानते. पण सभेला नाव न विचारणं वेगळं आणि पाट घेताना न विचारणं वेगळं. सभेत माणूस समोर बसलेला असतो. हे मला बाबांनी सांगितलं नव्हतं, कारण बाबांच्या सभेत कधी प्रोग्रॅम येऊन बसला नव्हता.

संध्याकाळी घरी बाबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पत्रकात चुकलं तर?"

"पत्रकातच दुरुस्त करायचं."

"कुठं?"

"जिथं वाटलं तिथं."

"आणि कुणी?"

मी उठून पत्रकाचा कोरा स्टेन्सिल काढला.

दुसऱ्या दिवशी आधी हमरापूर. मी मावशीला लॉगचा कागद दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, पण ओळी दिसतात. वीस ओळी एकाला एक चिकटून आणि एक वेगळी, वर.

"ही वीस मानसं नायतच?"

"नाहीत. तो बघत फिरणारा प्रोग्रॅम. बघायला आला होता, मी पाट लिहून टाकले. चूक माझी."

"आन ह्यो एकटा?"

"हा माणूस आहे. चार मिनिटं उभा होता."

मावशी पंधराव्या मूर्तीकडे बघत राहिली. "मंग त्याचा ऱ्हावू दे. बाकीचे तू ठेवलंस, तूच काढ."

कारखान्यात शेजारच्या दोघी रंगकाम करत होत्या. त्यांच्यादेखत मी वीस वेळा वाकले. मावशी मूर्ती उचलून धरायची, मी फळकूट ओढायचे. बाराव्या की तेराव्याला एक जण म्हणाली, "काय गो, मशीनला गनपती बसवायचा नाय वाटतं?" आणि दोघी हसल्या. मीही हसले. फळकूट हातात असताना रागावता येत नाही.

मग पान. पाटाच्या चित्राच्या जागी करडं बटण आलं. दाबलं की आधी एक प्रश्न येतो, 'पाट कुणाचा?' नाव लिहिल्याशिवाय सर्व्हरवरचा प्रोग्रॅम वहीला हात लावत नाही. नाव लिहिलं की तो पुन्हा विचारतो, 'ही मूर्ती तुमच्यासाठी राखून ठेवू?' आणि होकार मिळाला तरच पाट ठेवतो. त्या बटणाखाली मी लिहिलं, 'हे नाव फक्त पाटावर लिहिलं जाईल. मूर्ती नेलीत की पुसलं जाईल.' पुसायचा प्रोग्रॅमही मी त्याच दिवशी लिहिला. लिहायचं आणि करायचं नाही, हे पत्रकवाल्यांच्या घरात चालत नाही.

नव्या पत्रकाचा मथळा होता, 'आमची चूक.' पेण, वडखळ, मग रोहा. स्टँडवर वाटून झाल्यावर एक प्रत घेऊन मी गुरुजींचं घर शोधत गेले. ते ओटीवर बसले होते. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"वीस सुटल्या म्हणतेस. पंधरावी?"

"ती नाही मिळणार, गुरुजी. तिचा पाट खरा आहे."

"कुणाचा?"

"ते नाही माहीत. पण माणसाचा आहे."

मला वाटलं, आता परत पत्रक वाचून दाखवतील. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाट होता. "तुझ्या मावशीने ती मला दिली असती, तर मी पुढच्या वर्षी गेलो नसतो," ते म्हणाले. "उजवीकडून चौथी. उंदराने मान वळवलेली. तिच्याखाली ठेव. नाव मागे कोरलंय, तुझ्या बटणाला सांग."

त्या दिवशी परतीची एस.टी. कोलाडवरून आली. खांब गावाला एक बाई चढल्या आणि मांडीवरचा पाट बघून म्हणाल्या, "गनपतीचा वाटतं? जपून ने हो." त्यांनी आपली पिशवी उचलून पायाशी घेतली आणि पाटाला जागा करून दिली. वडखळपर्यंत आम्ही तिघं एका बाकावर होतो.

चतुर्थीपर्यंत नव्या बटणावरून सात पाट आले. सातही नावानिशी. बाकीच्या मूर्ती दरवर्षीच्या आणि पत्रक वाचून आलेल्या लोकांनी समोर येऊन ठरवल्या. व्यापाऱ्यासाठी एकही उरली नाही. उरली होती फक्त पंधरावी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत कारखाना रिकामा झाला, जमिनीवर रंगाचे डाग राहिले आणि भिंतीशी तो एकटा, जेवण झाल्यासारखा, पाय पुढे सोडून.

शेजारणीने दोनदा येऊन सांगितलं, की एक घर ऐन वेळी मूर्ती शोधतंय. मावशीने दोनदा मान हलवली. मी दारात उभी होते. मी पाचव्यांदा रस्त्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "बस गो. सकाल पावत वेल हाय त्याला."

चारच्या सुमाराला फाट्यावरून एक म्हातारे गृहस्थ चालत आले. घामाघूम, काखेत पाट. दारात येऊन त्यांनी शर्टाच्या खिशातून वहीचा फाडलेला कागद काढला आणि जरा ओशाळून आमच्यापुढे धरला. "मुलगा कॉलेजला आहे बाहेर. त्यानं हा आकडा पाठवलाय. म्हणाला, नुसता दाखवा, देतील. खरं का हो हे?"

कागदावर पंधरा लिहिलं होतं.

मावशीने कागद घेतला नाही. ती उठली, मूर्ती दोन्ही हातांनी उचलून धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून फळकूट काढलं, त्यांचा पाट सरकवला आणि खडू हातात घेऊन विचारलं, "काका, नाव काय लिहू?"